शेवटचे दोन किलोमीटर

गाडी जपानहून आली, दुसऱ्या की तिसऱ्या हाताची.
स्टिअरिंग उजवीकडे. बटण दाबलं की
आतली एक बाई अदबीनं काहीतरी सांगते.
दोन वर्षं मी तिला "हो, हो" म्हणतेय.

वास मात्र पहिल्याच उन्हाळ्यात बोलला.
एसी लावला की पहिली दहा सेकंदं
तळघरात विसरलेले मोजे,
भिजून कधीच न वाळलेलं पोतं.
मग नाक सरावतं. माझं.
गिऱ्हाइकाचं कशाला सरावेल?
विमानतळावरून बसलेला एक जाडा गृहस्थ
भर पावसात काच खाली करून बसला,
उतरताना अर्धा ओला होता,
पैसे मात्र पुरे दिले. तेच जास्त लागलं.

तशी बातुमीत ओल काही नवी नाही.
इथे मिठाला बरणीत पाणी सुटतं,
कपाटातल्या बुटांवर हिरवी लव येते,
माझ्या लग्नाच्या फोटोत
मागच्या रांगेतले पाहुणे
एकेक करून डागांत गेले.
पण घरातली कुबट हवा आपली असते.
ही कुणाची?

उपाय सगळ्यांकडे होते.
नानुली म्हणाली, कॉफीचे दाणे फडक्यात बांधून ठेव.
दीर म्हणाला, जाळीवर द्राक्षाची दारू शिंपड,
उरेल ती बाटली माझ्याकडे दे.
पंपावरच्या पोरानं पुठ्ठ्याचं हिरवं झाड विकलं,
ते मी आरशाला टांगलं, तीन संतांच्या शेजारी.
आता गाडीत असा वास, की
देवदाराच्या रानात
कुणीतरी मोजे विसरून गेलंय.

आणि मग ती पोर, चारेक वर्षांची,
आईच्या मांडीवरून वाकून
सीटखाली बघत म्हणाली, "कुत्रं कुठंय?"
"कुत्रं नाही गं माझ्याकडे."
"आहे," ती म्हणाली. "भिजलंय."

गुरामनं समोरचा खण उपसला:
पावत्या, छत्रीची मूठ, चिकटलेल्या लिंबूगोळ्या.
खणामागे हात घालून
फिल्टर ओढून काढला
आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला.
कधीकाळी पांढरा असावा.
घड्यांत पिवळी पूड, कुठल्या तरी झाडाची,
सुईसारखी पानं, आमच्याकडे नसलेली,
आणि सगळीकडून विणल्यासारखे
आखूड, पांढरे, राठ केस.

मी एक केस चिमटीत धरला.
दोन वर्षं मी ह्याच्यातून श्वास घेत होते.
कुठल्या गावात, कुठल्या पावसात फिरून
तो मागच्या सीटवर अंग झाडत असेल,
आणि कुणी ओरडत असेल का त्याला,
त्या बाईच्याच भाषेत?

गुराम गाडीखाली गेला.
पाणी जायची नळी तुंबली होती.
तारेनं टोचली, फुंकर मारली,
आणि फरशीवर भळाभळा चहाच्या रंगाचं पाणी.
मग आत फेस सोडला. वीस मिनिटं आम्ही
उलट्या बादल्यांवर बसून जर्दाळू खाल्ले.
फेस खालून गळला तेव्हा करडा होता.

साठ लारी घेतल्या आणि सल्ला फुकट दिला:
"घर दोन किलोमीटरवर आलं की थंडी बंद कर,
पंखा चालू ठेव. आतली ओल वाळू दे.
गाडीला ओलं झोपवायचं नाही."
"माणसालाही नाही," मी म्हटलं.
"माणसाचं मला विचारू नकोस," गुराम म्हणाला,
"त्याचा फिल्टर बाजारात मिळत नाही."

आता निलगिरीच्या वळणावर मी थंडी बंद करते.
गरम वारा तोंडावर येतो.
कुणी मागे बसलेलं असलं तर विचारतं, बिघडला का?
"वाळवतेय," मी सांगते.

परवा ओसाकात शिकून आलेला एक मुलगा बसला.
बटण दाबलं, बाई बोलली, तो हसला.
म्हणाला, "ती सांगतेय, टोलचं कार्ड घातलेलं नाही."
"एवढंच?"
"एवढंच."

बंदराशी त्याला उतरवलं.
परत बटण दाबलं. ती बोलली.
"हो, हो," मी म्हटलं,
आणि नाकानं लांब श्वास घेतला:
कशाचाच वास नव्हता,
तरी मी मागे वळून सीटखाली पाहिलं.